उकिरड्यावरचं ग्रहण

महानंदा बाजारातून परतली तेव्हा सूर्य निम्मा झाकला होता आणि उकिरड्याभोवती गाव गोळा झालं होतं. मधोमध तिची अधू पायांची लेक शिवलीला गळ्यापर्यंत शेणखतात पुरलेली होती. तिच्या ओठांवर माश्या बसत होत्या आणि लोक मोबाइलवर शूटिंग करत होते.

"ग्रहण सुटेपर्यंत हात लावू नको. पाय सरळ होतील," सासरा म्हणाला.

"सूर्यापुढं चंद्र आलाय, मामंजी. त्यानं पाय कसे सरळ होतील?"

ती हातांनीच उकरू लागली. लिंबाखाली उन्हाच्या कोरी पडल्या होत्या.

"आई, किती चंद्र," शिवलीला पुटपुटली.

"चंद्र नव्हेत, बाळ. पानांच्या फटींतून झाकलेला सूर्यच दिसतोय."

लेक खतातून मोकळी झाली, तसा तिला घ्यायला नवरा पुढं आला. त्याचे हात कोपरापर्यंत शेणानं भरलेले होते. महानंदाला शिसारी आली. ती त्याच्या पायाशी थुंकली आणि लेकीला उचलून माहेरच्या वाटेला लागली.