मुंगीचं नाव
लेकीच्या वाढदिवसाला म्हातारी दरवर्षी संग्रहालयात यायची. लेक आणि जावई तिथे मुंग्यांवर संशोधन करायचे. लेक वारल्यावर जावयाने अंबरच्या, म्हणजे लाखो वर्षांपूर्वीच्या घट्ट झालेल्या राळेच्या, खड्यात गोठलेल्या मुंगीच्या नव्या जातीला तिचं नाव दिलं होतं. आज खड्याखालची चिठ्ठी बदललेली होती. "आई, ही जात नवी नव्हतीच, असं सिद्ध झालं. जुनंच नाव लावावं लागलं," जावई चाचरत म्हणाला. "मीच सिद्ध केलं," मायक्रोस्कोपपाशी बसलेली त्याची दुसरी बायको म्हणाली. "शास्त्रात भावनेला थारा नसतो." म्हातारीने रुमालाने खडा पुसून परत ठेवला. "तू काय बघतेस?" तिने बायकोला विचारलं. "ही खरीखुरी नवी. यांनी माझं नाव दिलंय." म्हातारीने वाकून भिंगाला डोळा लावला. खड्यातल्या मुंगीचा जबडा अजून उघडाच होता. "शोभतंय हो तुला," ती मायेने म्हणाली. "हीसुद्धा नामशेषच ना?" "हो," बायको हसून म्हणाली, आणि मग तिचं हसू विरलं; ती नवऱ्याकडे बघतच राहिली.