अजून न आलेली आवृत्ती

"सगळी मशीनं सुरू झाली, मॅडम. आता चहा?" हेरंबनं हेडफोन काढून ठेवला. एकाच खऱ्या संगणकाच्या आत चालणारी अशी आभासी मशीनं सुरू करणारा छोटा प्रोग्राम त्यानं नव्यानं लिहिला होता, आणि जुन्या आवृत्त्यांची सेटिंग्ज तो नीट वाचतो का, हे मृदुला सकाळपासून तपासत होती.

"एक राहिलंय," म्हणत तिनं सेटिंग्जच्या एका फाइलवर पुढच्या आवृत्तीचा क्रमांक घातला.

"ती तर मी अजून लिहिलेलीसुद्धा नाही."

"लिहिशील. मग काही अडलं की लोक तिच्यावरून परत या आवृत्तीवर येतील, आणि सेटिंग्ज मात्र नव्या आवृत्तीचीच राहतील." मागच्या खेपेला असंच झालं होतं. प्रोग्रामला नवी सेटिंग्ज कळली नव्हती, तरी त्यानं ती अंदाजानं बदलून टाकली, आणि रक्तपेढीचा संगणक भर दुपारी स्वतःची डिस्कच विसरला. पेशंटचे नातेवाईक काउंटरवर ताटकळत उभे होते.

तिनं मशीन सुरू केलं. स्क्रीन काळीच राहिली. हेरंब नखं कुरतडायला लागला. मग एक ओळ उमटली: ही आवृत्ती ओळखीची नाही. काहीही न बदलता थांबत आहे.

मृदुलानं फाइल उघडून पाहिली. एक अक्षरही हललं नव्हतं. तिनं खुर्चीला पाठ टेकली आणि रक्तपेढीला फोन लावला.

"सगळी सुरू झाली ना, ताई?" तिथल्या कांबळेंनी धास्तावून विचारलं.

"एक नाही झालं," ती हसली. "म्हणून तर सांगते, बिनघोर नवा प्रोग्राम घ्या."