नाला ते समुद्र

नाल्यात कचरा नव्हता. उत्कर्ष पुलापासून वळणापर्यंत दोनदा चालून आला. नुसती वाळू होती. साडेदहा वाजले होते आणि अकराला शिक्षण विस्तार अधिकारी येणार होते.

चूक त्याचीच होती. साहेबांपुढं जे करून दाखवायचं त्याची आदल्या दिवशी तालीम घ्यायची, ही शाळेची रीत. उपक्रमाचं नाव होतं ‘नाला ते समुद्र’. पोरांनी नाल्यातलं प्लास्टिक वेचायचं, वेगवेगळं करायचं, मोजायचं आणि ते कोणत्या वाटेनं जातं ते सांगायचं. नाल्यातून अडाण नदी, पुढं पैनगंगा, मग वर्धा, मग गोदावरी, मग समुद्र. समुद्र पोरांपैकी कोणीच पाहिलेला नव्हता. कालची तालीम इतकी चांगली झाली की नाल्यात एक पुडी उरली नाही.

शाळेच्या पटावर तेरा नावं होती. शाळा ठेवायची की साडेचार किलोमीटरवरच्या गावातल्या शाळेत विलीन करायची, हे आजच्या अहवालावर ठरणार होतं. तेरातली पाच पोरं तांड्यावरची. शाळा गेली की ती पाच जणं दिवाळीनंतर आईबापाबरोबर ऊसतोडीच्या गाडीत बसतील. उत्कर्ष आधी शिकवायचा ती शाळा अशीच बंद झाली होती, तेव्हा ती गाडी त्यानं पाहिली होती.

काल ती पाच पोरं आली नव्हती. तांड्यावर होळी होती. आजही त्यांचा पत्ता नव्हता.

“कालचा कचरा कुठी टाकला रे?” त्यानं विचारलं.

“तुमीच तं सांगतलं, सर. वळणापलीकडच्या खड्ड्यात टाका अन् वरून वाळू लोटा,” सातवीतली धम्मदीपा म्हणाली. “आता म्हणसान, उकरा.”

“उकरा.”

“मंग पुन्हा नाल्यात फेकाचा?”

“हो.”

“अन् साहेब आले की पुन्हा वेचाचा.” तिनं रिकामं पोतं खांद्यावर टाकलं. “एवढ्यात तं समुद्र पाहून आला असता थो.”

पोरं हसली. उत्कर्षनं घड्याळ पाहिलं आणि त्यांना घेऊन वळणाकडं निघाला.

खड्ड्याभोवती तांड्याची पाचही पोरं गुडघ्यावर बसली होती. मागं रिकाम्या हंड्यांची रांग होती. त्यांतल्या निताची आई मोतीबाई कमरेइतक्या खड्ड्यात उभी राहून चिखलानं भरलेल्या पिशव्या, पुड्या, बाटल्या वर देत होती. पोरं त्या ओढून काठावर टाकत होती. ढीग बराच मोठा झाला होता.

“रागावू नका, सर,” मोतीबाई म्हणाली. “आता धाडतो पोराइले. सकाळपासून हात पुरून नाही राह्यले. कोन्या हरामखोरानं झिरा बुजवला आमचा, देव जाने.”

तांड्याचा हातपंप महिनाभरापासून कोरडा होता. वाळूत खणलेला हा झिरा बाया पहाटे उपसून नेत. रात्रभर त्यात पुन्हा पाणी झिरपे. दुपारी पाहणाऱ्याला तो कोरडा खड्डा दिसे. उत्कर्ष मंगरूळपीरहून बसनं ये-जा करायचा. पहाटे तो इथं कधी नव्हता. गावातल्या पोरांच्या घरी नळ होता.

धम्मदीपा त्याच्याकडं पाहत होती. तिनं खांद्यावरचं पोतं हळूच खाली ठेवलं.

मागं जीप थांबली. अधिकारी उतरले, काठावर आले आणि तिथंच उभे राहिले. मग त्यांनी खिशातून मोबाइल काढून फोटो घेतले.

“मी तुम्हाला शाळेत शोधत होतो,” ते म्हणाले. “पावडर लावून रांगेत उभी केलेली पोरं रोज पाहतो. हे खरं काम आहे, सर.” ते नितासमोर वाकले. “हा कचरा इथंच राहिला असता, तर कुठं गेला असता, बाळ?”

निता तालमीला नव्हती. तिनं थोडा विचार केला.

“आमच्या पोटात, साहेब.”

अधिकाऱ्यांनी ते वाक्य डायरीत उतरवून घेतलं. “तुमची शाळा कुठं जात नाही,” ते उत्कर्षला म्हणाले. “मी तसं लिहितो.”

खड्ड्याच्या तळाशी वीतभर गढूळ पाणी साचलं होतं. मोतीबाईनं पदर दुहेरी केला, लोटाभर पाणी त्यातून गाळलं आणि वर निताला दिलं.

उत्कर्षच्या पायाशी एक निळी बाटली पडली होती. झाकण नव्हतं. चिखलातून विषाचा लाल त्रिकोण दिसत होता. कीटकनाशकाची बाटली. काल अशा तीन निघाल्या होत्या. झाकणं त्यानंच काढायला लावली होती, कारण झाकणांचा ढीग वेगळा करायचा होता.

त्यानं निताच्या हातावर फटका मारला. लोटा वाळूत पडला.

“काहून सांडलं, सर?” निता म्हणाली. अधिकाऱ्यांनी फोटोसाठी मोबाइल पुन्हा वर धरला होता.

“हे पानी कोनी पेऊ नका. जनावराइलेही पाजू नका.” उत्कर्षनं ती निळी बाटली उचलून धरली. “याच्यात फवाऱ्याच्या औषधाच्या बाटल्या हायेत. तीन. काल आमी मोजून टाकल्या. शाळेनं टाकल्या, मोतीबाई. मी सांगतलं म्हनून.”

मोतीबाई खड्ड्यातून त्याच्याकडं पाहत राहिली.

“आपल्या शाळेनं?” तिनं विचारलं.