पोर्टलवरची लेक

जेवणाच्या सुट्टीत लेथ बंद करून हात पुसले, की तो आधी शाळेचं पोर्टल उघडायचा आणि मग डबा. एका पासवर्डात लेकीचं सगळं दिसायचं. हजेरी, गुण, वाचनालय, अगदी बससुद्धा. सोमवारी ती सात मिनिटं उशिरा पोचली, हे त्याला ठाऊक होतं. देवमाशांवरचं तेच पुस्तक तिने तिसऱ्यांदा नेलंय, हेही. बायकोपासून वेगळं होऊन सहा वर्षं झाली होती, पण शेजारच्या मशीनवरच्या मित्राला तो रोज लेकीची खबरबात द्यायचा. मित्र म्हणायचा, "एका घरात राहून माझं पोरांकडे एवढं लक्ष नाही बुवा."

आज पासवर्ड घातला, तर पान उघडेना. त्याने मदत केंद्राला फोन लावला.

"पासवर्ड बरोबर आहे तुमचा," तिथल्या बाई म्हणाल्या. "मुलगी आज अठरा वर्षांची झाली ना? अभिनंदन! आता तिने परवानगी दिली, की पुन्हा दिसेल सगळं."

"मग मी काय करायचं?"

"काही नाही हो. तिला फोन करा, वाढदिवसाच्या शुभेच्छा द्या आणि सांगा, परवानगीचं बटण दाब म्हणून. दोन मिनिटांचं काम."

त्याने न उघडलेला डबा बाजूला सरकवला.

"हॅलो? आहात ना?"

"आहे," तो म्हणाला. "तिचा नंबर तेवढा द्याल का? पोर्टलवर होता, म्हणून मी कधी उतरवूनच घेतला नाही."