चार बोल्टांचा सांधा

सांध्याला चार बोल्ट होते, प्रत्येक सोळा मिलिमीटरचा. राजेगावच्या नाल्यावरच्या पादचारी पुलाचे काम ऑफिसच्या साहेबांनी विवेकला डावलून नव्या इंजिनियर रीनाला दिले, तेव्हापासून त्याचा जीव जळत होता. त्याने गुपचूप तिचा हिशोब तपासला. बोल्टला कातरणारा ताण चौरस मिलिमीटरला एकशेवीस न्यूटन येत होता आणि मर्यादा होती ऐंशीची. आनंदाने तो थेट साहेबांकडे गेला. "सर, हिचा पूल पडन!"

तिथेच बसलेल्या रीनाने नकाशा पुढे सरकवला. "विवेकदादा, सांध्याच्या लोखंडी पट्ट्या दोन्ही बाजूनं हायेत ना. बोल्ट तुटाचा तं एकाच वेळी दोन जागी तुटन. कॉलेजात परीक्षेच्या आधी तुमीच तं शिकवलं होतं मले."

विवेकने एकशेवीसला दोनाने भागले. साठ आले.