एका तासासाठी

कॉम्प्युटरची स्क्रीन पुन्हा निळी पडली. पाच दिवसांतली ही नववी वेळ. प्रोसेसरचा वेग कंपनीने ठरवून दिलेल्यापेक्षा तिने जास्त वाढवला होता, पण व्होल्टेज वाढवलं की तो तापायचा आणि कमी केलं की मशीन बंद पडायचं. दहा तास घेणारं ॲनिमेशनचं काम नऊ तासांत निघावं, एवढ्यासाठी हा सगळा खटाटोप. तिने डोळे चोळले आणि चाचणी परत सुरू केली.

वडील चहा घेऊन आले. कप ठेवून त्यांनी कॅबिनेटवर तळहात टेकवला. तीस वर्षं यंत्रमागावर काढल्यामुळे आतल्या पंख्यांची घरघर त्यांना ऐकू येत नव्हती, हाताला मात्र कळली.

“लई पळवतीस याला.”

तिने मान हलवली.

“आम्ही पण मोटारीची पुली बदलून मोठी लावायचो. माग जोरात चालायचा, कापड जास्त निघायचं.”

“त्याने माग बिघडायचा, आप्पा?” तिने त्यांच्या कानाशी वाकून मोठ्याने विचारलं.

“न्हाई. मागाला कधीच काही झालं न्हाई,” ते म्हणाले, आणि तिचं पुढचं बोलणं ऐकायला त्यांनी त्यातल्या त्यात बरा कान पुढे केला.