ओपलची जागा

ओमाहातल्या आमच्या विमा कंपनीत एकीने टाइप केलेला अर्ज दुसरीने तपासणीसाठी पुन्हा टाइप करायचा. दोन्हींत फरक पडला की कीबोर्ड अडकायचा आणि चूक पहिलीच्या नावावर लागायची. दहा चुका झाल्या की घरी.

ओपलच्या डाव्या हाताची अनामिका मका तोडायच्या यंत्रात गेली होती. त्या बोटाच्या वाट्याची एसची कळ ती शेजारच्या बोटाने दाबायची. तिची जागा हीटरजवळ होती आणि मला थंडी सोसत नाही. म्हणून तिचे अर्ज तपासताना मी एस मुद्दाम चुकवत गेले. दहा चुकांना नऊ दिवस लावले. मी उतावळी नाही.

ओपल घरी गेली आणि तिची जागा मी मागून घेतली. तिथला कीबोर्ड धोंड्यासारखा जड होता. कळ दाबली की आतली हातोडी ठक्‌ वाजायची. मी दाबलेली एस तेवढी वाजेना, पडद्यावर उमटेना. दोन दिवसांत माझ्या नावावर आठ चुका.

दुरुस्तीवाल्या कुबिचेकने ती दाबली. ठक्‌.

"ठणठणीत आहे, बाई. हीटरही तपासू का?"

"हीटर उत्तम आहे. तुम्ही एस बघा."

त्याने खोक्यातला कोरा कीबोर्ड जोडून दिला. माझ्या अनामिकेखाली एस गप्पच. शेजारच्या बोटाने दाबली, ठक्‌.

"ओपल अशीच दाबायची," तो म्हणाला.

दुपारी सँडविच खाताना मी ते अनामिकेचं बोट टेबलावर आपटलं. मग जोरात आपटलं. त्यातली लग्नाची अंगठीसुद्धा वाजली नाही.